आईविना अंकुर

दिल्लीत धोत्रा कुणाला लावावा लागत नाही. राडारोडा टाकलेला रिकामा प्लॉट, रेल्वे रुळांलगतची पट्टी, यमुनाकाठची गाळाची जमीन, रिजच्या टेकडीच्या कडेचा उकिरडा. जागा मोकळी दिसली की हा हजर. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. माणसं श्रावणात महादेवाला वाहण्यापुरती त्याची आठवण काढतात आणि एरवी पोरांना त्याच्यापासून लांब ठेवतात. अशा या बेवारशी झाडाने 1964 साली वनस्पतींच्या प्रजननाबद्दलची एक भक्कम समजूत मोडून काढली, आणि तीही दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, रिजच्या जंगलापासून हाकेच्या अंतरावर.

गोष्ट समजायची तर आधी फूल नीट पाहायला हवं. धोत्र्याचं फूल संध्याकाळी उघडतं, कारण त्याची गिऱ्हाइकं रात्रीची आहेत: लांब सोंडेचे मोठे पतंग. पांढरा कर्णा उभा चिरला की आतल्या भिंतीला चिकटून वर गेलेले पाच पुंकेसर दिसतात आणि मधोमध एकटा, वीतभर लांबीचा कुक्षीवृंत. प्रत्येक पुंकेसराच्या टोकाला लांबट परागकोश असतो. न उमललेल्या कळीतला परागकोश काढून काचपट्टीवर ठेवा, ॲसिटोकार्माइनचा थेंब टाका, वरून काच दाबा. सूक्ष्मदर्शकाखाली लालसर रंगलेल्या गोल कणांची गर्दी दिसते. कळी फार कोवळी असेल तर प्रत्येक कणात एकच केंद्रक. एकदोन दिवस थोर असेल तर दोन पेशी: एक ऐसपैस मोठी आणि तिच्या पोटात दडलेली छोटी. या दोन अवस्थांमधला फरक लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं नाट्य त्या फटीत घडतं.

शाळेच्या पुस्तकातली आकृती पाहून आपला समज होतो की परागकण म्हणजे वनस्पतीचा शुक्राणू. तसं नाही. परागकण हा शुक्राणू वाहून नेणारा, दोनतीन पेशींचा एक स्वतंत्र जीवच आहे. तो कुक्षीवर पडला की त्याला अंकुरासारखी नळी फुटते. धोत्र्यात ही नळी वीतभर खाली वाढत अंडाशयातल्या बीजांडापर्यंत पोहोचते. वाटेत छोटी पेशी दुभंगून दोन पुंयुग्मक तयार होतात. त्यांतलं एक अंडपेशीशी एकरूप होतं, त्यातून भ्रूण घडतो. दुसरं वाया जात नाही. ते बीजांडातल्या मधल्या पेशीशी मिळतं आणि त्यातून भ्रूणाचा शिधा तयार होतो, ज्याला भ्रूणपोष म्हणतात. एकाच वेळी दोन मीलनं घडवायची ही फुलझाडांची खास रीत. 1898 मध्ये रशियन शास्त्रज्ञ नावाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या झाडांमध्ये ती प्रथम दाखवली. आपण जेवतो ते बहुतांशी या दुसऱ्या मीलनाच्या जिवावर. मैदा म्हणजे गव्हाचा भ्रूणपोष. तांदूळ म्हणजे भाताचा. नारळाचं खोबरं आणि पाणी हाही भ्रूणपोषच. पाणी म्हणजे अजून पेशींच्या भिंती न घातलेला, केंद्रकं तरंगत असलेला द्रव शिधा. या नारळपाण्याची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

दिल्लीत या विषयाची पेठ उभी केली ती पंचानन माहेश्वरी यांनी. जन्म 1904 चा, जयपूरचा. अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन कॉलेजात विनफिल्ड डजन या अमेरिकन अध्यापकाच्या हाताखाली ते तयार झाले, मग आग्रा, ढाका असं करत 1949 मध्ये कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून दिल्ली विद्यापीठात आले. पुढच्याच वर्षी त्यांचं फुलझाडांच्या भ्रूणविज्ञानावरचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि जगभरच्या विद्यापीठांत ते पाठ्यपुस्तक झालं. त्या काळचं भ्रूणविज्ञान म्हणजे चिकाटीचं काम. फुलं वेगवेगळ्या वयाची तोडायची, मेणात बसवायची, मायक्रोटोमवर पापुद्र्यासारखे काप काढायचे, रंगवायचे आणि एका कळीतून दुसऱ्या कळीत काय बदललं हे शेकडो काचपट्ट्यांवरून जुळवायचं. पण मेणात बसवलेलं फूल मेलेलं असतं. काय घडतं ते त्यात दिसतं. ते कशामुळे घडतं हे विचारायची सोय नसते. माहेश्वरींनी आपल्या विभागाला दुसऱ्या प्रश्नाकडे वळवलं, आणि माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी पुस्तकापेक्षा ही. जिवंत परागकोश, अंडाशय, बीजांड, भ्रूण असे फुलाचे भाग सुटे करून ते काचनळीत वाढवायचे. झाडापासून तोडल्यावर कोण किती पुढे जातो ते पाहायचं.

काचनळीत अन्न म्हणून असतं ते साधंच. क्षार, साखर, थोडी जीवनसत्त्वं आणि हे सगळं घट्ट धरायला अगार, म्हणजे लाल समुद्री शैवालापासून काढलेला तोच पदार्थ जो आपल्या स्वयंपाकघरात चायना ग्रास म्हणून येतो. अवघड भाग निर्जंतुकपणाचा. साखर घातलेल्या नळीत बुरशीचा एक बीजाणू शिरला तरी दोन दिवसांत तिथे बुरशीचं राज्य होतं.

पहिला मोठा डाव अफूच्या कुळातल्या झाडांवर खेळला गेला, आणि झाडांची निवड मोठी हुशारीची होती. खसखशीचं बोंड आपण पाहिलेलं असतं: फुगीर अंडाशय, कुक्षीवृंत जवळजवळ नाहीच, आणि आत पडद्यांना लगडलेली शेकडो बीजांडं. विभागातल्या कुसुम कांता यांनी आधी कुक्षीला बगल द्यायचं ठरवलं. बोरिक आम्लाच्या अगदी सौम्य द्रावणात पराग कालवायचा आणि तो सुईने थेट अंडाशयात सोडायचा. माहेश्वरी आणि कांता यांनी 1961 मध्ये ज्या झाडांवरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात अफूबरोबर आपल्याकडच्या पडीक रानातला पिवळा धोत्राही होता. (नावापुरता धोत्रा, कूळ अफूचंच.) बिया धरल्या. मग 1962 मध्ये कांता, एन. एस. रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी अंडाशयही काढून टाकला. अफूची उघडी बीजांडं नळीत ठेवली आणि त्यांच्यावर पराग भुरभुरला. पाव तासात परागनळ्या फुटू लागल्या, एकदोन दिवसांत मीलन झालं, सुमारे तीन आठवड्यांत नळीतच पुऱ्या भ्रूणाचं बी तयार. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ‘टेस्ट-ट्यूब फर्टिलायझेशन’ या शब्दांत ती बातमी छापून आली. माणसाच्या पहिल्या टेस्ट-ट्यूब बाळाला अजून सोळा वर्षं होती.

कुक्षी नको, कुक्षीवृंत नको, अंडाशय नको. उरले परागकण आणि बीजांड, बाप आणि आई. यापलीकडे आणखी काही वगळता येईल असं कुणाला वाटलं नसावं.

शिप्रा गुहा या तेव्हा नुकत्याच पीएच.डी. झालेल्या तरुण संशोधक. पंचानन यांचे चिरंजीव सतीशचंद्र माहेश्वरी त्याच विभागात होते, आणि दोघांना उत्सुकता होती ती वेगळ्याच गोष्टीची: परागकोशात पराग तयार होताना गुणसूत्रं निम्मी होतात ते अर्धसूत्री विभाजन नेमकं कशाने सुरू होतं? त्यासाठी परागकोश नळीत जिवंत ठेवायला हवेत. धोत्र्याचे परागकोश मोठे, हाताळायला सोपे आणि दारात फुकट मिळणारे. म्हणून धोत्रा, दातुरा इनॉक्सिया नावाची लवदार पानांची जात. माध्यमात वेगवेगळी पोषकं घालून पाहिली जात होती आणि त्यांत नारळपाणीही होतं. त्यामागे पूर्वपुण्याई होती: 1941 मध्ये अमेरिकेत फान ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी धोत्र्याचेच अतिशय कोवळे भ्रूण नारळपाण्यावर वाढवले होते. एका झाडाच्या बाळाचा शिधा दुसऱ्या झाडाच्या बाळाला चालतो, एवढं तोवर माहीत झालेलं होतं.

काही आठवड्यांनी काही परागकोश चिरफाळले आणि आतून हिरवट काहीतरी डोकावू लागलं. भिंगाखाली पाहिलं तर ते वेड्यावाकड्या पेशींचे गोळे नव्हते. बीमधल्या भ्रूणाचे जे टप्पे आकृत्यांत दाखवतात, गोल, मग हृदयाच्या आकाराचा, मग लांबट, आणि शेवटी दोन बीजपत्रं, ते सगळे टप्पे तिथे होते. पुढे त्यांची रोपं झाली. आता बीजांड नाही, अंडपेशी नाही, मीलन नाही. मग भ्रूण आला कुठून?

ऑक्टोबर 1964 मध्ये ‘नेचर’ने गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांचं छोटं टिपण छापलं. त्यात दावा जपून केला होता, आणि ते योग्यच होतं, कारण शंका घ्यायला जागा होती. परागकोशाला भिंत असते, त्या भिंतीच्या पेशी झाडाच्या इतर अंगासारख्याच असतात. 1958 मध्ये स्ट्यूअर्ड यांनी गाजराच्या मुळातल्या सुट्या पेशींपासून भ्रूणासारखी रचना आणि पुढे आख्खं गाजर मिळवून दाखवलं होतं, तेही नारळपाण्यावरच. धोत्र्यातही भिंतीची एखादी पेशी अशीच भ्रूणावली असेल, तर गोष्ट छान, पण क्रांती नव्हे.

याचा निवाडा मोजणीने होणार होता. धोत्र्याच्या अंगातल्या पेशीत 24 गुणसूत्रं असतात, बारा आईकडची, बारा बापाकडची. परागकणात फक्त 12. रोपाच्या कोवळ्या पेशी चिरडून, रंगवून मोजायच्या: 24 निघाली तर भिंतीचं पोर, 12 निघाली तर परागाचं. 12 निघाली. शिवाय विभागत चाललेले परागकण त्यांनी प्रत्यक्ष पकडले, जाड कवचाच्या आत नळी न फुटता पेशींची गर्दी झालेले. हे दुसरं टिपण 1966 मध्ये ‘नेचर’मध्येच आलं. पंचानन माहेश्वरी त्याच वर्षी मे महिन्यात गेले. रॉयल सोसायटीचं सदस्यत्व त्यांना आदल्या वर्षी मिळालं होतं. शिप्रा गुहा पुढे गुहा-मुखर्जी या नावाने जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

एकगुणित, म्हणजे निम्म्या गुणसूत्रांचा धोत्रा याआधी कुणी पाहिलाच नव्हता असं नाही. 1922 मध्ये ब्लेकस्ली आणि सहकाऱ्यांना अमेरिकेत असं एक झाड योगायोगाने सापडलं होतं. पण हजारो रोपांत एखादं सापडणं वेगळं आणि हवं तेव्हा नळीतून काढणं वेगळं.

परागकणाला हे कसं सुचलं, हा खरा मजेचा प्रश्न. त्याचं उत्तर फुलांत शोधून मिळत नाही. फुलं यायच्या फार पूर्वीच्या वनस्पतींकडे जावं लागतं. पावसाळ्यात दिल्लीच्या जुन्या विटांच्या भिंतींवर हिरवा, बुटका थर चढतो. ते मॉस. आपण ज्याला मॉसचं झाड म्हणतो, त्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो. म्हणजे मॉसमध्ये निम्म्या गुणसूत्रांचं जिणं हेच मुख्य जिणं. ओल्या थरात शुक्रपेशी पोहत जाते, अंडपेशीला मिळते, आणि त्यातून दोन संचांची पिढी उगवते ती म्हणजे टोकाला बोंडी असलेला एक बारीक दांडा. तोही आईच्या अंगावरच पोसलेला. बोंडीतून एकसंची बीजाणू उडतात, त्यांतून पुन्हा हिरवं मॉस.

जुन्या विहिरींच्या ओलसर दगडांत हंसराज नावाचा नाजूक, काळ्या देठाचा नेचा वाढतो. इथे पारडं फिरलेलं आहे. डोलणारी पानं दोन संचांची. त्यांच्या कडेला मागच्या बाजूने तपकिरी पट्टे असतात, त्यांतून बीजाणू सांडतात. बीजाणूपासून जे उगवतं ते नेच्यासारखं दिसतही नाही: नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा, जमिनीला चिकटलेला हिरवा पापुद्रा. एकसंची पिढी इथे एवढीच उरली, तरी स्वतःचं अन्न स्वतः करणारी. फुलझाडांपर्यंत येता येता ती आणखी आक्रसली. नराकडे ती परागकणात मावते, मादीकडे बीजांडाच्या पोटात सात पेशींची होऊन बसते. म्हणजे परागकण हा कुणाचा अवयव नाही. एके काळी स्वतंत्र जगणाऱ्या पिढीचा तो उरलेला अंश आहे. त्याच्याकडे आख्खं झाड घडवायला लागणाऱ्या सूचनांचा एक पूर्ण संच असतो. झाडाची घडण करायची की नळी काढून शुक्राणू पोचवायचे, एवढंच काय ते ठरायचं असतं. धोत्र्याच्या परागकणाने मॉसची नक्कल केली असं मात्र नाही. त्याने भ्रूणाची वाट धरली, जी एरवी दोन संच एकत्र आल्याशिवाय उघडत नाही. दिल्लीच्या प्रयोगाने दाखवलं ते हेच, की ती वाट उघडायला संच दोन असावे लागत नाहीत.

मग ती उघडतं काय? इथे साध्या जीवांकडे वळायला हवं, कारण त्यांच्याकडे हा निर्णय उघड्यावर होतो.

जुन्या दिल्लीत जामा मशिदीच्या गल्ल्यांत खमिरी रोटी मिळते. तिचं पीठ फुगवणारा खमीर म्हणजे मुख्यतः यीस्ट, एका पेशीची बुरशी. कोमट, ओल्या, गोड पिठात यीस्टला दुसऱ्या कुणाची गरज नसते. पेशीच्या कडेला फुगवटा येतो, केंद्रकाची प्रत त्यात सरकते, मान आवळते, लेक वेगळी होते. पाठ्यपुस्तकं याला कलिकायन म्हणतात. दीड-दोन तासांत एक फेरी. लेक सुटली त्या जागी आईच्या भिंतीवर गोल वण राहतो, आणि शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली हे वण मोजून यीस्टच्या पेशीची किती बाळंतपणं झाली ते सांगता येतं. पंचविसेक झाली की ती थकते. हे झालं सुकाळाचं. साखर संपली, नत्र संपलं, की दोन संचांचं यीस्ट कळ्या काढायचं थांबवतं, गुणसूत्रं निम्मी करतं आणि जाड कवचाचे चार बीजाणू बांधून ठेवतं. पुन्हा ओल आली की त्यांच्यातलेच वेगवेगळ्या लिंगाचे एकमेकांशी मिळतात.

साचलेल्या पाण्यातल्या हिरव्या केसांचंही तेच. स्पायरोगायरा एरवी तुकड्या-तुकड्यांनी वाढतो. तंतू तुटला, दोन झाले, इतकं सरळ. दिवस पालटले, डबकं आटायला लागलं, की शेजारशेजारचे तंतू आडव्या नळ्यांनी जोडले जातात, एका पेशीतला सगळा ऐवज दुसरीत ओतला जातो, आणि त्याचा कठीण कवचाचा बीजाणू बनून कोरड्या चिखलात पुढच्या पावसाची वाट पाहतो. दिल्लीच्या मे-जूनमध्ये डबक्याला दुसरा उपायच काय? क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय शैवाल तर प्रयोगशाळेत हुकमावर वागतं. माध्यमातलं नत्र काढून घ्या, एरवी नुसत्या दुभंगत राहणाऱ्या पेशी जोडीदार शोधू लागतात.

पोट भरलेलं असताना नक्कल, उपासमारीत जुगार. लैंगिक प्रजननाला आपण उगीच वरच्या पायरीवर बसवलं आहे; अनेक साध्या जीवांसाठी ते अडचणीतलं हत्यार आहे. यमुनेत याची उलट बाजू दिसते. वझिराबाद ते ओखला हा नदीचा 22 किलोमीटरचा तुकडा सांडपाण्याने इतका पोसलेला आहे की जलपर्णीला नत्र-स्फुरदाची ददात नाही. पुण्याच्या वाचकांना पवना-मुळा-मुठेवरून हे दृश्य नवीन नाही. जलपर्णी फुलते, जांभळी, देखणी फुलं; तिच्या बिया तळच्या गाळात बरीच वर्षं टिकतात. पण पात्र झाकून टाकायला तिला बी लागत नाही. रोपाच्या बुडातून आडवी फांदी निघते, तिच्या टोकाला नवं रोप, त्याला पुन्हा आडवी फांदी. अनुकूल दिवसांत दोनेक आठवड्यांत दुप्पट. ओखल्याच्या धरणावर अडकलेला हिरवा गालिचा म्हणजे अगणित वेळा छापलेली थोडीच झाडं. मशीन लावून तो काढतात, तेव्हा तुटलेले तुकडे पाण्यात राहतात आणि तेवढे पुरतात.

माणसाने दोन्ही रीतींचा फायदा उठवला आहे. नागपुरी संत्र्याच्या एका बीतून बहुधा एकाहून जास्त रोपं उगवतात. एक मीलनातून आलेलं असू शकतं. बाकीची बीजांडाच्या, म्हणजे आईच्याच ऊतीतून निघालेल्या भ्रूणांची, हुबेहूब आईसारखी. दिल्लीत रंगस्वामींनी लिंबू-संत्र्याच्या कुळातली ही ऊती 1950 च्या दशकातच नळीत वाढवली होती. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेतली आम्रपाली ही आंब्याची जात दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आली. संकर एकदाच, त्या रोपाची गोडी पाहिल्यावर मात्र कुणी तिची कोय पेरली नाही. आज बागांमधली आम्रपाली म्हणजे त्या झाडाच्या काडीची कलमं, आणि कलमांची कलमं.

परागकणही तसाच परिस्थिती बघून वागतो, हे पुढच्या वीसेक वर्षांत हळूहळू स्पष्ट झालं. एक केंद्रक असलेला कण दोन पेशींचा होण्याच्या सुमाराला, म्हणजे त्या सुरुवातीला सांगितलेल्या फटीत, त्याला थंडी द्या, उष्णतेचा झटका द्या, साखरेशिवाय ठेवा. मग बरेच मरतात, बरेच नेहमीच्या मार्गाने जातात, आणि थोडे भ्रूणाची वाट धरतात. फुलातून तोडून नळीत टाकणं हाच मुळात एक धक्का. गुहा-माहेश्वरींच्या धोत्र्याला तो नेमक्या वयात बसला.

वाणं तयार करणाऱ्यांनी या बातमीवर झडप घातली, त्याचं कारण हिशेबाचं होतं. गव्हाच्या किंवा भाताच्या दोन जातींच्या संकरातून स्थिर वाण काढायचं तर संकरित रोपाचं स्वतःशीच परागण करत सहा-आठ पिढ्या काढाव्या लागतात. तेव्हा कुठे दोन्ही संच सारखे होतात. परागापासून आलेल्या रोपात संच एकच. त्याला कॉल्चिसिन हे रसायन लावून तो दुप्पट केला की दोन्ही संच एकमेकांची तंतोतंत प्रत, एकाच पिढीत. 1967 मध्ये फ्रान्समध्ये बुर्जँ आणि नीच यांनी तंबाखूच्या परागकोशांतून अशी एकसंची रोपं मिळवली, पुढच्या वर्षी जपानमध्ये निइझेकी आणि ओओनो यांनी भातात. चीनने तर त्यावर मोठी यंत्रणा उभारली आणि भाता-गव्हाची वाणं शेतापर्यंत नेली.

गव्हाने मात्र सतावलं. परागकोशातून रोपं येत, पण त्यांतली बरीच पांढरीफटक. हरितद्रव्यच नाही, नळीत साखरेवर जगायची, मातीत लावली की मरायची. म्हणून गव्हाच्या लोकांनी आडमार्ग शोधला. 1980 च्या दशकात इंग्लंडमध्ये लॉरी आणि बेनेट यांनी गव्हाच्या फुलावर मक्याचा पराग टाकला. परका असूनही मीलन होतं. पण पहिल्या काही पेशीविभाजनांत मक्याची गुणसूत्रं एकेक करून गळून पडतात आणि भ्रूण उरतो फक्त गव्हाच्या एका संचाचा. हिमाचलात पालमपूरच्या कृषी विद्यापीठात मक्याच्या जागी सिरू हे रानगवत वापरून हेच केलं गेलं. ते गव्हाबरोबरच फुलतं, त्यामुळे पराग जमवायला खटपट लागत नाही. धोत्र्यात आई नव्हती. इथे बाप येतो आणि काढता पाय घेतो. जाताना शिधाही ठेवत नाही, कारण असल्या बीजांडात भ्रूणपोष नीट बनतच नाही. तेव्हा परागणानंतर दोनतीन आठवड्यांत दाणा फोडून, सुईच्या टोकावर तो कणभर भ्रूण उचलून, साखर-क्षारांच्या अगारवर ठेवावा लागतो.